दिवाळीला वाहणारं पाणी

जुलैत महाराष्ट्रातला कुठलाही कडा धबधबा असतो. घाट रुंद करताना जेसीबीने उघडा पाडलेला दगडसुद्धा चार दिवस पांढराशुभ्र होतो, त्याच्यापुढे गाड्या थांबतात, शेजारी निखाऱ्यावर कणसं लागतात आणि लोक कपड्यांसकट भिजतात. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस ओतला जातो, तिथे कड्यावरून पाणी पडलं नाही तरच बातमी. म्हणून धबधबा किती उंच, किती टप्प्यांचा आणि फोटोत कसा दिसतो यावरून त्याची प्रतवारी लावणं मला कधी पटलं नाही. पाऊस निघून गेल्यावर, घरोघरी चकलीचा घाणा लागलेला असताना, त्या कड्यावर काय उरतं ते पाहायला हवं.

नंदुरबार जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. नाल्याबद्दल विचारलं की तिथे कुणी उंची सांगत नाही, सण सांगतात. हा पोळ्यापर्यंत, तो दिवाळीपर्यंत, पलीकडचा होळीलासुद्धा ओला असतो. दिवाळी वर्षागणिक मागेपुढे होते, तेव्हा हे माप ढोबळच. पण ज्यांना त्या पाण्यावर गुरं पाजायची आणि हंडे भरायचे आहेत त्यांना तेवढं पुरतं.

धानोरा नावाची गावं महाराष्ट्रात जागोजागी आहेत. गडचिरोलीत या नावाचा तालुकाच आहे. इथलं धानोरा नंदुरबार तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेकडचं. नंदुरबार हे सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. हंगामात शहराबाहेरच्या पथारींवर मिरच्या वाळत पडलेल्या असतात आणि नवख्या माणसाला रस्त्यावरूनच शिंका येतात. मी मात्र गेल्या दिवाळीच्या आठवड्यात पोचलो, तेव्हा पथारींवर नुकतीच कुठे लाली धरू लागली होती. बसस्थानकावर शेजारच्या आजोबांनी पाठपिशवीकडे बघून विचारलं, "कथा चालनात भाऊ?" धानोऱ्याला, धबधबा बघायला, म्हटल्यावर ते मनापासून हसले. पावसाळा संपून किती दिवस झाले हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळत नसावं, असा त्यांचा समज झाला असणार.

धानोऱ्यातून पुढे एका पाड्यापर्यंत मोटरसायकल जाते. तिथून पाऊणएक तासाची चाल, तीही रमतगमत. चढ म्हणावा असा एकच. कोणता पाडा, कोणता नाला, हे मी मुद्दाम लिहीत नाही. त्या जागेला पाटी नाही, नकाशावर तिची खूण नाही, आणि पाड्यातल्या लोकांनी तसं राहू द्या म्हणून स्पष्ट सांगितलं. कारण पुढे येईलच. बरोबर गावातले प्राथमिक शाळेचे शिक्षक होते, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, आणि पाड्यातल्या एक मावशी होत्या. मावशी आमच्यासाठी म्हणून आल्या नव्हत्या. त्यांना मोळी आणायची होती, वाट तीच होती, एवढंच.

पाड्याबाहेर आधी कापूस आणि तूर लागते, मग मोहाची सुटी सुटी झाडं. शेताच्या बांधावरचा मोह कुणाचा आणि नाल्याकाठचा कुणाचा, हे मावशींना तोंडपाठ होतं. चैत्राच्या सुमाराला पहाटे मोह गळतो, तेव्हा ज्याच्या त्याच्या झाडाखाली घरची माणसं फुलं वेचतात. चढावर रान सुरू होतं: साग, धावडा, सालई, पळस, मधूनच बेहडा. घनदाट वगैरे नाही. सहल कंपनीच्या पत्रकावर छापावं असं तर अजिबात नाही. ऑक्टोबरातला इथला साग तर पाहणाऱ्याची निराशाच करतो. पानांतला हिरवा भाग अळ्यांनी खाऊन टाकलेला असतो आणि मागे शिरांची तपकिरी जाळी उरते. रोग लागला की काय असं वाटतं. पण सागाच्या रानात हे बहुतेक वर्षी होतं आणि पुढच्या पावसाला झाड पुन्हा मोठाली पानं घेऊन उभं राहतं. त्या जाळीतून ऊन खाली उतरतं, म्हणून वाटेवर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे दाटीनं उभे होते.

असल्या मामुली दिसणाऱ्या रानानं या जिल्ह्याला एकदा जगभरच्या पक्षिशास्त्रात नाव मिळवून दिलं. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने 1884 मध्ये खानदेशातून मिळवला आणि त्यानंतर तो कुणालाच सापडला नाही. 1914 चा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता. तो चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून बनवलेला निघाला. ती लबाडी उघडी पाडणाऱ्यांपैकी एक, पामेला रासमुसेन यांनी मग बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून शोध घेतला, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या अशाच सागाच्या विरळ रानात, भर सकाळी झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. 113 वर्षांनी. म्हणजे मधल्या काळात तो नाहीसा झाला नव्हता. त्या रानात जाऊन बघावं असं बाहेरच्या कुणाला वाटलं नव्हतं. मोळी आणणाऱ्या बाया त्याला दिवसाढवळ्या बघत असणार, त्यांना विचारायला कोण जाणार?

वाटेबद्दल थोडं सांगतो, कारण 'सोपी वाट' असं आपण सहज म्हणतो. ही वाट सोपी आहे ती शेळ्यांमुळे आणि मोळ्यांमुळे. डोक्यावर ओझं असलेलं माणूस उगाच चढत नाही आणि उगाच उतरतही नाही. ते डोंगराच्या कुशीने, एका पातळीत, थोडं लांबून जातं. वर्षानुवर्षं तसं चालून ही वाट पडली आहे. कुठेही हात टेकावा लागत नाही. एका ठिकाणी निसरडा कातळ टाळायला वाट वीस-पंचवीस पावलं वर जाते आणि पुन्हा खाली येते. सर म्हणाले, पूर्वी ती सरळच होती. एक बाई ओझ्यासकट घसरली, तेव्हापासून वळली. वनखात्याच्या किंवा पर्यटनाच्या कुठल्याही आराखड्याशिवाय झालेली ही दुरुस्ती.

मध्येच झाडीतून एक काळी भिंत वर येते. पुरुष-दीड पुरुष उंच, दगडावर दगड रचावेत तशी, आणि नजर जाईल तिथवर सरळ. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा जुन्या किल्ल्याचा तट वाटतो आणि तसं सांगणारी माणसंही भेटतात. प्रत्यक्षात ती भूगर्भातून आली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हा जमिनीला पूर्व-पश्चिम उभ्या भेगा पडल्या, त्यांत वितळलेला खडक घुसला आणि तिथेच थिजला. भोवतालचा मऊ दगड झिजून गेला, हा कठीण गाभा राहिला. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात, आणि नंदुरबार-धुळे पट्टा अशा डाइकसाठी अभ्यासकांत चांगलाच परिचित आहे. 200 हून अधिक डाइक इथे मोजले गेले आहेत. साक्री, धुळे, पारोळा असा जाणारा एक तर 70 किलोमीटरहून लांब आहे. एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या खानदेशातल्या कित्येक लांबट, धारदार टेकड्या म्हणजे या भिंतीच.

नाला या भिंतीला आडवा येतो आणि तिच्यावरूनच उडी घेतो. तोच धबधबा.

उंची सांगायची तर घराच्या आढ्याएवढी. खाली कमरेइतका डोह, त्यात हिरवं-काळं पाणी, काठाला उंबर आणि करंज. पावसाळ्यात भिंतीची सगळी रुंदी पाण्याने झाकली जाते, असं सर म्हणाले. आता तीन धारा होत्या, त्यांतली मधली जाड, कडेच्या दोन दोऱ्यासारख्या. डोहाच्या दगडावर करडा धोबी शेपटी हलवत होता. हा पाहुणा हिमालयातून थंडीपुरता येतो आणि वाहतं पाणी सोडून फारसा कुठे बसत नाही. शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे पाचसहा मुलं आधीच पाण्यात होती. एकाने दगडाखालून खेकडा काढून सरांना दाखवला, आणि सुट्टीतही शिक्षक समोर आल्याच्या संकोचाने पुन्हा बुडी मारली.

इथे भिंतीचं दुसरं काम ध्यानात घ्यायला हवं. लाव्हा थिजून झालेला इथला बेसाल्ट हा पाण्याच्या बाबतीत कंजूष खडक. वाळूच्या थरासारखं पोटात पाणी धरून ठेवणं त्याला जमत नाही. वरचा झिजलेला मुरूम आणि भेगा, एवढीच त्याची साठवण. खानदेशातला पाऊसही सह्याद्रीच्या माथ्याच्या मानाने फारच थोडा. मग पाऊस थांबून काही आठवडे उलटल्यावर ही मधली धार येते कुठून? नाल्यात वाहणारं पाणी तर केव्हाच तापीला मिळालेलं असतं. ही धार वरच्या उतारावरच्या मुरमात मुरलेल्या पावसाची. तो हळूहळू खाली झिरपत येतो, आणि वाटेत आडवा डाइक लागला की जमिनीखालीच अडतो. डाइक फुटलेला, भेगाळलेला असेल तर तो उलट पाणी पळवतोही. पण तो अखंड असेल तर जमिनीखालचं धरणच. मग भिंतीच्या वरच्या अंगाला ओल टिकते, झिरे फुटतात. पाड्यातल्या बाया उन्हाळ्यात हातभर खड्डा उकरून, त्यात पाझरणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात, तो झिरा भिंतीच्या नेमका वरच्या बाजूला आहे. खालच्या बाजूला उकरून बघितलंत का, असं मी मावशींना विचारलं. "तिथं काय मिळणार?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि मोळी बांधायला निघून गेल्या.

भिंत सगळीकडे आहे, तरी सगळे नाले दिवाळीपर्यंत जात नाहीत. शेजारचा नाला, तसाच, त्याच भिंतीवरून पडणारा, पोळ्यानंतर गप्प होतो. सरांनी दोन्हींचे वरचे उतार दाखवले. शेजारच्याच्या डोक्यावर नुसता बोडका माळ आहे. पावसाचं पाणी मातीला स्पर्श करून सरळ घसरतं आणि जाताना तिलाही नेतं. आमच्या नाल्याच्या डोक्यावर रान आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गवत आणि पालापाचोळा आहे.

झाडं लावा म्हणजे पाणी येईल, हे आपल्याकडचं लाडकं घोषवाक्य. ते मी जरा जपून घेतो. झाड पाणी पितंही. कोरड्या मुलखात दाट लागवड केली तर नाल्यात येणारं पाणी काही काळ कमी झाल्याचं जलशास्त्रज्ञांनी अनेक देशांत मोजलेलं आहे. मुरण्याचं काम प्रामुख्याने जमिनीचं कवच करतं. पाला, गवत, मुळांनी आणि किड्यांनी पोकळ केलेली माती हे शाबूत असेल तर पाऊस आत जातो. गुरांच्या खुरांनी आणि वणव्याने ते कवच गेलं, तर उभी झाडं असूनही पाणी वरून निसटतं. म्हणून नुसती रोपं मोजणाऱ्या मोहिमांपेक्षा चराई आणि कुऱ्हाड आवरणाऱ्या गावांची गोष्ट मला जास्त विश्वासार्ह वाटते.

तसं एक गाव शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात आहे: बारीपाडा. कोकणा आदिवासींच्या या पाड्याने नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आपल्या भोवतालचं सुमारे 1100 एकर रान राखायला घेतलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड, पकडून देणाऱ्याला बक्षीस, उतारावर समतल चर, नाल्यांवर श्रमदानाने बांध. ज्या गावाला पाण्यासाठी वणवण होती तिथे विहिरी भरल्या आणि भात-भाजीपाला बाहेर विकायला जाऊ लागला. तिथली वनभाज्यांची स्पर्धा आता इतकी गाजते की शहरातून परीक्षक आणि खवय्ये दोघेही जातात. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. नंदुरबारमध्ये दर दहा माणसांतली जवळपास सात आदिवासी आहेत, आणि वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक हक्क देऊन रान राखण्याचा अधिकारही दिला आहे. तेव्हा बारीपाडा हा अपवाद म्हणून कौतुकाने दाखवत राहण्याचं कारण उरलेलं नाही.

धबधबा पाड्याच्या किती कामाला येऊ शकतो, याची याच जिल्ह्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कडू गोष्ट बिलगावची. धानोऱ्यापासून हे गाव लांब, तापी ओलांडून, सातपुडा चढून, पलीकडच्या उतारावर धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यात आहे. नर्मदेला मिळणाऱ्या उदय नदीवर तिथे एक धबधबा आहे. बारमाही. म्हणजे आपल्या सणांच्या मापात न बसणारा.

त्या पाण्यावर गावाने वीज केली, आणि विजेचं गणित शाळेतलंच आहे. दर सेकंदाला 100 लिटर पाणी 10 मीटरवरून पडत असेल, तर त्यात सुमारे 10 किलोवॅट शक्ती असते. पाइप, टर्बाइन आणि जनित्र यांतली गळती वजा केली की त्यातली निम्म्याच्या आसपास तरी हाती लागते. बिलगावसारखी नर्मदा बचाव आंदोलनाची गावं तेव्हा विजेच्या जाळ्याबाहेर होती. केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे तरुण अभियंते आले, 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' या संस्थेने पैशाची मदत केली, आणि बिलगावच्या लोकांनी अंगमेहनतीने बांध घातला, कालवा खोदला, सिमेंट-लोखंड डोंगरातून वाहून आणलं. जानेवारी 2003 मध्ये 15 किलोवॅटचं वीजघर सुरू झालं. पाड्यापाड्यात दिवे लागले, शाळेत दिवा आला. कारभार गावाकडेच होता.

आशुतोष गोवारीकर यांचा 'स्वदेस' 2004 च्या डिसेंबरात पडद्यावर आला. त्यातला अमेरिकेतून परतलेला अभियंता गावाच्या पाण्यावर वीज करतो तो प्रसंग ज्यांना आठवतो, त्यांतल्या फार थोड्यांना बिलगाव माहीत असेल. त्या कथेमागच्या प्रेरणांमध्ये मदत करणाऱ्या त्याच संस्थेतल्या रवि कुचीमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री या जोडप्याचं आणि बिलगावचं नाव घेतलं जातं. चित्रपटातलं गाव मात्र साताऱ्याकडे, वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेलं. पडद्यावर दिवा लागतो आणि कथा सुखाने पुढे जाते.

बिलगावात तसं झालं नाही. मार्च 2006 मध्ये सरदार सरोवर धरणाची उंची 110.64 मीटरवरून 121.92 मीटरपर्यंत नेण्याला परवानगी मिळाली. त्याच पावसाळ्यात नर्मदेचं फुगलेलं पाणी उदय नदीतून मागे चढलं आणि वीजघर बुडालं. त्याआधी डोमखेडीत केलेला आणखी छोटा प्रयोगही असाच सरोवरात गेला होता. सरदार सरोवराची वीजनिर्मितीची क्षमता 1450 मेगावॅट, म्हणजे बिलगावच्या सुमारे 97 हजार पट. त्यातला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं या धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेली. मोठ्या विजेचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एवढ्या मोठ्या आकड्याला ते 15 किलोवॅट वाचवण्याचं, किंवा निदान पाण्याच्या वर नेऊन पुन्हा बसवून देण्याचं सुचू नये, याला मी नाइलाज म्हणणार नाही. आज बिलगावचा धबधबा पावसाळी पर्यटनाच्या याद्यांत असतो.

याद्यांबद्दल पाड्यातल्या लोकांना आक्षेप का, हे समजायला तळोदा तालुक्यातल्या वाल्हेरीला ऑगस्टातल्या रविवारी जावं. हातोडा पुलावरून तापी ओलांडली की सातपुड्याची निळी रांग समोर येते आणि तिच्या पायथ्याशी वाल्हेरी. धबधबा देखणा आहे, चालणं थोडं आहे, त्यामुळे खानदेशातून आणि गुजरातेतूनही लोक येतात. येऊ द्यावेत, कणसं, चहा, भजी विकून गावाला चार पैसे मिळतात. पण लोकप्रिय धबधब्याचे हाल सगळीकडे सारखेच होतात. सोमवारी डोहाकाठी बाटल्यांच्या काचा राहतात, आणि त्याच डोहात गुरं उतरायची असतात. आमच्या पाड्यातल्या मावशींचा मुद्दा याहून साधा होता. बाहेरची पोरं मोबाइल रोखून उभी राहू लागली की बायांना तिथे अंघोळ करता येत नाही.

दुसरी भीती जिवाची. लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. सगळ्यांनी ते मोबाइलवर पाहिलं, हळहळ केली, प्रशासनाने बंदीचे आदेश काढले, आणि पुढच्या पावसाळ्यात गर्दी तेवढीच. कारण समजून घेतल्याशिवाय नुसती बंदी टिकत नाही. छोट्या नाल्याचं पाणलोट छोटं असतं, त्यामुळे वर माथ्यावर पडलेली जोराची सर काही मिनिटांतच धबधब्यावर पोचते, तीही तुमच्या डोक्यावर ऊन असताना. डोहातली मुलं याबाबतीत आपल्याहून शहाणी निघाली. पाणी गढूळ झालं, किंवा वरून पाला आणि काटक्या एकदम वाहून येऊ लागल्या, की विचार न करता काठावर यायचं, हा त्यांचा नियम आहे. एकाने तो मला घडाघडा म्हणून दाखवला. सरांनी शिकवला असेल असं वाटलं, पण सर म्हणाले, त्याच्या आजीने. दिवाळीत अर्थात ही भीती बरीच कमी. पाणी शांत, वाट कोरडी, गवत पिवळं होत आलेलं. त्यामुळे चालण्यासाठी खरा हंगाम जुलै नसून हाच, असं माझं मत आहे. साप अजून फिरते असतात, तेव्हा पायात बूट हवेत आणि गवतात हात घालायचा नाही. सोबत प्यायचं पाणी आणि भाकर, परत येताना कचरा आपल्याच पिशवीत, आणि निघण्याआधी पाड्यात विचारणं. याहून जास्त तयारी लागत नाही.

याच दिवसांत सातपुड्यात दुसरी एक मोठी चाल सुरू असते. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या शिखरावर, अश्वत्थाम्याच्या दर्शनाला, महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून हजारो तरुण रात्रीचे डोंगर चढतात. 1300 मीटरहून उंच शिखर, दगडगोट्यांची वाट. तिथे चालणाऱ्यांपेक्षा घाटातल्या गाड्यांची मला जास्त धास्ती वाटते. 2025 च्या दिवाळीत चांदसैली घाटात परतणाऱ्या भाविकांची गाडी उलटून माणसं गेली. आमच्या पाड्यातले दोन तरुण त्या यात्रेला जाऊन आदल्याच दिवशी परतले होते आणि धबधब्याखाली पाय सोडून बसले होते. अस्तंब्याच्या वाटेवर प्यायला पाणी कुठे कुठे मिळालं, याच गप्पा चालल्या होत्या.

धबधब्याचं पाणी बादलीने मोजलं, ते सांगायचं राहिलं. सरांनी शाळेतून पंधरा लिटरची बादली आणि पन्हाळीसारखा वाकवलेला पत्र्याचा तुकडा आणला होता. डोहातून पाणी जिथे दोन दगडांच्या फटीतून बाहेर पडतं तिथे पत्रा बसवला, भोवती चिखल थापला, खाली बादली धरली आणि मोबाइलवर सेकंद मोजले. मुलांनी आळीपाळीने पुन्हा पुन्हा भरली. सरासरी पाच सेकंद. म्हणजे सेकंदाला तीन लिटर. ओल्या वाळूवर काटकीने गुणाकार झाला: दिवसाला 2,59,200 लिटर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसाला रोज 55 लिटर पाणी मिळावं असं धरलेलं आहे. त्या हिशेबाने ही तीन धारांची गंमत 4,700 माणसांना पुरते. पाड्यात त्याच्या एका कोपऱ्याएवढीही माणसं नाहीत.

आणि तरी मावशी हंडा डोक्यावर घेऊन चढतात, कारण पाणी खाली आहे आणि घरं वर. हा हिशेबही मांडला. रोज 3,000 लिटर पाणी 40 मीटर उचलायचं, तर पंपातली निम्मी ताकद वाया गेली असं धरूनही एक युनिटपेक्षा कमी वीज लागते. सौरपॅनेलवरचा लहान पंप ते दुपारपर्यंत करील. मार्चनंतर, धार आटल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी भिंतीच्या वरच्या अंगाला झिऱ्याच्या जागी कठडे बांधलेली उथळ विहीर हवी आणि शेजारच्या बोडक्या माळावर चराई थांबवायला हवी. यातलं दुसरं काम पंपाहून अवघड, कारण त्या माळावर तीन पाड्यांची गुरं जातात.

सरांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आहे आणि ग्रामसभेपुढे ठेवायचं ठरवलं आहे. पण पंपाची जागा ठरलेली नाही. धबधब्याखालच्या डोहात बसवला तर पाइप कमी लागतो, पण मुलांचं पोहणं बंद होतं. खालच्या वळणावर बसवला तर डोह मोकळा राहतो आणि पाइपचा खर्च दुपटीवर जातो. मावशींचं मत खालच्या वळणाला आहे. पैसे कुठून आणायचे ते पुरुषांनी बघावं, असं त्यांनी मोळी उचलता उचलता सांगून टाकलं.